अंगात आलेली जिप्सी

लिफ्ट केलेली जिप्सी घेऊन कुणी आमच्या फाटकाशी आलं आणि ‘काका, स्टेअरिंग वॉबलिंग मारतंय’ म्हणालं, की मी आधी तीन गोष्टी विचारतो. किती वेगाला सुरू होतं? आपोआप सुरू होतं, की खड्डा, पुलाचा जोड असं काही लागल्यावर? आणि वेग उतरवला की लगेच थांबतं, की गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत चालूच राहतं? या तीन उत्तरांत निम्मं निदान असतं. उरलेलं निम्मं गाडीखाली आडवं पडून करायचं असतं, आणि नेमकं तेच टाळून लोक दुकानात जातात, सुटे भाग विकत आणतात.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सगळी नोकरी सैन्याच्या ईएमईमध्ये, गाड्यांच्या दुरुस्तीवर गेली. भोपाळजवळ बैरागढच्या सेंटरला शिकलो आणि शेवटची पोस्टिंग बबीना छावणीत झाली. बायकोचं माहेर झाशीच्या जुन्या शहरातलं. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि मणिकर्णिकेचं लग्न लागलं, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत दक्षिणेतून आलेली जी मराठी घरं आहेत, त्यांतलं एक. म्हणून निवृत्तीनंतर गावी न जाता इथेच सिव्हिल लाइन्समध्ये राहिलो. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिथे ओळखीच्यांच्या जुन्या गाड्या बघतो. जोंगा, जिप्सी, महिंद्राच्या जुन्या जीपा. या भागात त्यांची कमी नाही. छावणीतून निकाली निघालेल्या गाड्या लिलावात मिळतात, आणि बेतवेच्या काठचा खडक, माताटीला धरणाकडच्या पायवाटा बघून तरुण मुलांना गाडी आणखी उंच करावीशी वाटते.

लिफ्ट म्हणजे गाडीचा सांगाडा चाकांपासून आणखी काही इंच वर उचलणं. कमानपाटे वाढवायचे, पाट्याच्या टोकाची शॅकल लांब लावायची, खाली मोठे टायर घालायचे. दगडावर पोट घासत नाही, नाल्यातून गाडी सहज निघते. या उंचीची किंमत बऱ्याचदा हायवेवर कळते. ताशी साठ-पासष्टला गाडी नीट चाललेली असते, पुलाचा जोड लागतो आणि स्टेअरिंग सेकंदाला सहा-सात वेळा डावीकडे-उजवीकडे आपटायला लागतं. हातात धरवत नाही. पुढची चाकं नाचताना शेजारून जाणाऱ्यालाही दिसतात. गाडीच्या अंगात यावं तसं होतं. अमेरिकेतले जीपवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात.

पुढचं सगळं सांगण्याआधी, हे रस्त्यात झालं तर काय करायचं ते सांगून ठेवतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, पण अंगठे आतल्या दांड्यांत अडकवायचे नाहीत. उलट्या झटक्याने अंगठा मोडतो. कचकन ब्रेक मारायचा नाही, कारण वजन पुढच्या चाकांवर येतं आणि थरथर वाढू शकते. हलका, सलग ब्रेक लावत डावीकडे यायचं आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत धीर सोडायचा नाही. तिथून पुढे गाडी गॅरेजपर्यंत हळूच न्यायची. ‘आता बरी चालतेय’ म्हणून पुन्हा त्याच वेगाला घालायची नाही.

आमच्या शेजारच्या एका घरातल्या मुलाची जिप्सी हेच सगळं भोगून माझ्याकडे आली. गाडी जिप्सी किंग. मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे बाहेरून बाहेर साधारण ६६८ मिलिमीटर. त्याच्या जागी त्याने ३१ इंची मड टायर घातले होते. ते ७८७ मिलिमीटर, व्यासात जवळपास १२ सेंटिमीटर जास्त, आणि वजनाला तर खूपच जड. पुढे लांब शॅकल, पाट्यांत एकेक जादा पान, आणि रिम बाहेर काढलेले. बबीनाच्या रस्त्याला, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, एका पुलाच्या जोडावर पहिल्यांदा वॉबल झालं. एका गॅरेजने स्टेअरिंग डॅम्पर बसवून दिला. काही आठवडे गाडी शांत राहिली आणि मग थरथर पहिल्यापेक्षा जोरात आली. मग दुसरीकडे बॅलन्सिंग, तिसरीकडे अलाइनमेंट. प्रत्येक ठिकाणी पैसे गेले, पण गाडीखाली पाठीवर झोपून, दुसऱ्याला स्टेअरिंग हलवायला सांगून कुणीही पाहिलं नव्हतं.

मी तीन प्रश्न विचारले. उत्तरं आली: पासष्टच्या आसपास, जोड लागल्यावरच, आणि वीसच्या खाली येईपर्यंत थांबत नाही. म्हणजे हा नुसता बॅलन्सिंगचा प्रकार नव्हता. चाकाचा तोल गेलेला असेल तर स्टेअरिंगला थरथर येते ती एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात. रस्ता गुळगुळीत असला तरी येते, आणि वेग पाच-दहाने बदलला की जाते. वॉबलला ठिणगी लागते, आणि एकदा पेटलं की ते स्वतःच्या जोरावर चालू राहतं.

ते स्वतःच्या जोरावर कसं चालतं, हे समजलं की निदान सोपं होतं. सायकलचं पुढचं चाक काढून एक्सलची दोन टोकं दोन हातांत धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि एक टोक झटकन वर करा. चाक तुमच्या हातात आडवं वळायला बघेल. फिरणाऱ्या जड चाकाचा अक्ष कलवला की ते वळतं, हा त्याचा स्वभावच आहे. जिप्सीची पुढची दोन चाकं एकाच अखंड एक्सलवर बसलेली असतात. डावं चाक जोडावर उचललं गेलं की अख्खा एक्सल कलतो, आणि त्याबरोबर दोन्ही चाकं वळायला बघतात. टायरॉडने ती एकमेकांना बांधलेली, म्हणून एकाच दिशेला वळतात. टायरने रस्ता धरलेला असतो, तो त्यांना परत खेचतो. परत येताना चाकं सरळ रेषेवर थांबत नाहीत, पलीकडे जातात, आणि त्या वळण्यामुळे एक्सल आता उलट बाजूला कलतो. कलणं वळण्याला जोर देतं, वळणं कलण्याला. सगळे जोड घट्ट असतील, तर घर्षण आणि शॉकॲब्सॉर्बर हा जोर दोन-तीन झोल्यांत खाऊन टाकतात. जोड ढिले असतील, तर प्रत्येक झोल्याला चाकाला थोडी मोकळी धाव मिळते आणि धावत्या गाडीचीच ताकद घेऊन थरथर वाढत जाते.

यात वेगाचाही हिशोब आहे. ३१ इंची टायरचा घेर साधारण अडीच मीटर. ताशी ६५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १८ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं. अशा एक्सलची डोलण्याची स्वतःची गतीही याच आसपास असते. त्यामुळे टायरमध्ये तोलाची थोडीशी जरी खोट असली, तरी ती नेमक्या त्या वेगाला, नेमक्या त्या तालात धक्के देत राहते. टायर जितका जड, तितकी ही डोलण्याची गती खाली येते आणि वळण्याचा जोर वाढतो. रिम बाहेर काढलेला असला की टायरला टायरॉडवर ओढायला आणखी लांब हात मिळतो.

ही भानगड नवी नाही. १९२० च्या दशकात मोटारींना जाड, कमी हवेचे ‘बलून’ टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, पुढचा भाग जड झाला, आणि तेव्हाच्या अखंड एक्सलच्या मोटारी अशाच थरथरू लागल्या. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला होता. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोन्ही चाकं एकमेकांपासून सोडवण्याचा आग्रह धरला, आणि १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. चाक वर-खाली झालं तरी फारसं कलत नाही, आणि एकाचा धक्का दुसऱ्याला जात नाही. शहरातल्या गाड्यांमधून अखंड पुढचा एक्सल हळूहळू गेला. डोंगर-दऱ्यांच्या गाड्यांनी तो ठेवला, कारण खडकावर त्याची मजबुती आणि चाकाची वर-खाली होण्याची मुभा हवी असते. माझ्या मते ते योग्यच आहे. फक्त मोठे, जड टायर घालताना आपण गाडीला पुन्हा त्याच १९२० च्या दशकातल्या अडचणीत नेतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता शेडमधलं सांगतो. गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. जॅक लावायचा नाही, कारण वजन नसलं की बरेच ढिले जोड घट्ट असल्यासारखे दिसतात. मुलाला आत बसवलं आणि सांगितलं, ‘अरे, पूर्ण वळवू नकोस. दहा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत काटा जावा तेवढंच, पण झटक्याने, सलग.’ मी खाली गेलो. डोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवत नाही, प्रत्येक जोडावर बोट ठेवतो. बोट अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही भाग एकत्र हलले तर बोटाला काही कळत नाही. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर कातडीला चिमटा बसल्यासारखं लागतं. केसाएवढा फरकही कळतो.

स्टेअरिंग बॉक्सपासून सुरुवात केली. बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट घट्ट होते. त्याच्या आजूबाजूच्या पत्र्यावरचा रंग खरवडून पाहिला. जुन्या गाड्यांत इथे चेसिसला तडा जातो, आणि वरून रंग मारला की दिसत नाही. रंगात बारीक गंजकट रेघ दिसली की तिथे थांबायचं, पुढचं काही बघायचं नाही. इथे नव्हती. पिटमन आर्म ठीक. ड्रॅग लिंकच्या एका टोकाला बोटाला चिमटा लागला. टायरॉडच्या डाव्या बॉल जॉइंटला तर रबरी टोपीच फाटली होती, आत ग्रीसऐवजी वाळू होती. पाट्याच्या मागच्या डोळ्यातला बुश अंडाकृती झालेला. स्टेअरिंग हलवलं की अख्खा पाटा बाजूला सरकत होता. पॅनहार्ड रॉड नसलेल्या जिप्सीत एक्सलला आडवं धरून ठेवायला पाटे, बुश आणि शॅकल एवढंच असतं. तिथे ढिलाई म्हणजे एक्सल मोकळा.

मग जॅक लावला, घोड्यांवर गाडी ठेवली आणि चाक वर-खाली धरून हलवलं. डावं चाक खटखटलं. हे व्हील बेअरिंगही असू शकतं आणि किंगपिनही. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी रीत आहे. मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. ब्रेकमुळे हब नकलशी जखडला जातो, म्हणून बेअरिंगचा खेळ असेल तर खटखट नाहीशी होते. आमची खटखट तशीच राहिली. म्हणजे किंगपिन. जिप्सीच्या नकलला वर-खाली दोन किंगपिन बेअरिंग असतात आणि त्यांवर ठरावीक ताण लागतो. तो पातळ शिम काढून-घालून जुळवतात आणि ताणकाट्याने मोजतात: टायरॉड सुटा करायचा, नकलच्या हाताला काटा अडकवायचा आणि चाक वळायला सुरुवात व्हायला किती ओढावं लागतं ते वाचायचं. डाव्या नकलला काटा लावायची गरजच नव्हती, ती एका बोटाने फिरत होती. हा ताण म्हणजे वॉबलला विरोध करणारं गाडीतलं अंगचं घर्षण. तो गेल्यावर बाहेरून डॅम्पर लावून भरपाई होत नाही.

शेवटी कॅस्टर. किंगपिनची रेघ बाजूने पाहिली तर वरचं टोक थोडं मागे झुकलेलं हवं, जिप्सीत तीन-चार अंश. त्यामुळेच वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे वाकतो आणि हा झुकाव कमी होतो. मुलगा मला आधीच कौतुकाने सांगून चुकला होता, की लिफ्ट केल्यापासून स्टेअरिंग हलकं झालंय. ते हलकं झालं नव्हतं, त्याचं सरळ यायचं बळ गेलं होतं. कोनमापक लावून पाहिलं तर झुकाव जवळपास शून्य होता.

दुरुस्तीत नवलाचं काही नव्हतं. बॉल जॉइंट, बुश, किंगपिन बेअरिंग बदलली, ताण मोजून शिम घातले. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून कॅस्टर परत आणला. पाचरीची जाड बाजू कुठे येते याकडे नीट बघावं लागतं, उलटी बसली तर होता तोही झुकाव जातो. शिवाय पाचर वाढवत नेली की पुढच्या डिफरेन्शियलचं तोंड खाली जातं आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट जास्त कोनात फिरतो, त्याची वेगळी थरथर सुरू होते. म्हणून लांब शॅकल काढून मूळ शॅकल लावायला मी त्याला राजी केलं, आणि मग पाचर बारीक पुरली. एका ओळखीच्या माणसाच्या जिप्सीचे मूळ मापाचे टायर पुढे घालून आधी फिरवून पाहिली. नंतर त्याचे मोठे टायर घातले, तेव्हा एक टायर आतून सुटलेला निघाला. फिरवला की कडेला फुगवटा दिसत होता. ठिणगी टाकणारा हा, आणि पेटायला जागा देणारे ते ढिले जोड.

त्याचा डॅम्पर मी काढून ठेवला आणि डॅम्परशिवायच गाडी त्याच पुलावरून नेली. डॅम्परवर माझा राग नाही. खडबडीत रस्त्यावर हाताला येणारे झटके तो कमी करतो, आणि कंपनीने दिला असेल तिथे तो असायलाच हवा. २०१९ मध्ये जीप कंपनीने अमेरिकेत नव्या रँग्लर गाड्यांचे डॅम्पर बदलून दिले, तेही उपयोगी पडलं असेल. पण जुन्या, लिफ्ट केलेल्या गाडीत आधी डॅम्पर बसवला, की दुखणं झाकलं जातं, ढिले जोड आणखी झिजतात, आणि परत येतं तेव्हा जोरात येतं. आधी डॅम्परशिवाय गाडी शांत करावी, मग तो लावावा.

दुसऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही पुढे अखंड एक्सल आहे, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. तिथे एक्सलला आडवं धरायला पॅनहार्ड रॉड असतो, आणि वॉबल आलं तर पहिलं बोट त्याच्या दोन टोकांवर ठेवायचं. बोल्टचं भोक लांबट झालेलं असतं, किंवा बुश फाटलेला. ही गाडी उंच केली की जुन्याच लांबीचा रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर राहायला हवेत. एकाचा कोन बदलला आणि दुसऱ्याचा नाही, तर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच वळते. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिच्या थरथरीचं कारण बहुधा टायर, बॉल जॉइंट किंवा बुश, आणि ती क्वचितच असं उग्र रूप घेते.

कायद्याची बाजूही मी येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, जरी त्याला ती नको असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतल्या मूळ माहितीपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. दंडापेक्षा मला समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची काळजी जास्त वाटते. हायवेवर वॉबल झालं तर आपली गाडी कुठल्या लेनमध्ये जाईल, हे आपल्या हातात राहत नाही.

मुलाने शेवटी ३१ इंची टायर विकले आणि मूळ मापाच्या जवळचे घेतले. माताटीलाकडे त्याची जिप्सी अजूनही जाते, आणि खडकात अडकल्याचं त्याने अजून सांगितलेलं नाही. यू-बोल्ट मात्र दुरुस्तीनंतर पहिल्या काहीशे किलोमीटरला पुन्हा आवळून घ्यायला मी त्याला बोलावलं होतं, कारण नवी पाचर आणि बुश बसता बसता दबतात. प्रत्येक नट आवळून झाला की नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो, ही सैन्यातली सवय. दर महिन्याला त्याने खाली वाकून एवढंच बघायचं, की सगळ्या रेघा जुळलेल्या आहेत ना. जिथे रेघ तुटलेली दिसेल, तो नट फिरला. गाडी तशीच माझ्याकडे आणायची.